ठिसूळपणा कामाला लावा: चुंबकीय आकारस्मृती मिश्रधातूची भुकटी आणि कंपोझिट, नवख्यांसाठी

निकेल, मँगनीज आणि गॅलियमच्या, चुंबकीय क्षेत्र लावलं की आकार बदलणाऱ्या मिश्रधातूबद्दल वाचायला घेतलं की पहिल्या दोन पानांतच तक्रार भेटते: फार ठिसूळ. फरशीवर पडला की तुकडा पडतो, कापायला घेतला की कडा उडतात. अख्ख्या स्फटिकाची पट्टी करून तिच्यापासून हालचाल घडवणारं उपकरण, म्हणजे अ‍ॅक्चुएटर बनवणाऱ्यांची ही तक्रार रास्त आहे. पण पॉलिमरमध्ये भुकटी घालून कंपोझिट करणाऱ्यांना हा ठिसूळपणाच उपयोगी पडतो. धातू हवा तिथे, हवा तसा फुटला तर निम्मं काम तोच करून देतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्याला योग्य जागी फोडण्यासाठी आहेत.

हा लेख मुंबईत एमएस्सी, एमटेक करणाऱ्या किंवा नुकत्याच पीएचडीला लागलेल्यांसाठी आहे. आर्क मेल्टिंगची भट्टी, ट्यूब फर्नेस, व्हॅक्यूम पंप आणि चाळण्यांचा संच तुमच्याकडे आहे किंवा शेजारच्या विभागात मागून मिळतो, असं मी धरून चाललोय. घरी करून बघायचा हा उद्योग नाही. मँगनीजची वाफ मेंदूच्या नसांना अपाय करते, निकेलची बारीक धूळ कर्करोगकारक असू शकते आणि तिची त्वचेला अ‍ॅलर्जीही होते.

आधी थोडं शास्त्र

या धातूच्या थंड अवस्थेला मार्टेन्साइट म्हणतात, गरम अवस्थेला ऑस्टेनाइट. ऑस्टेनाइटमध्ये स्फटिकाची पेटी घनाकृती असते. मार्टेन्साइटमध्ये ती एका बाजूने आखूड होते. १०एम नावाच्या प्रकारात ही बाजू बाकीच्या दोन बाजूंपेक्षा सुमारे ६ टक्क्यांनी आखूड असते, आणि चुंबकत्व याच आखूड दिशेला वळायला बघतं. एकाच स्फटिकात वेगवेगळ्या दिशांना आखूड असलेले पट्टे शेजारी शेजारी नांदतात. चुंबकीय क्षेत्र लावलं की त्याच्या दिशेने आखूड असलेले पट्टे वाढतात, बाकीचे आक्रसतात आणि अख्खा स्फटिक त्या दिशेने आखूड होतो. १९९६ साली कारी उल्लाक्को आणि एमआयटीतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी ०.२ टक्के हालचाल मोजली. २००० सालापर्यंत १०एममध्ये ६ टक्के मिळाले होते, आणि २००२ साली १४एम प्रकारात ९.५ टक्के.

आता अडचण. चुंबकीय क्षेत्राचा जोर फार नाही. १०एममध्ये तो जास्तीत जास्त ३ मेगापास्कलच्या आसपास जातो. क्षेत्र साधारण ०.७ टेस्लाच्या पुढे कितीही वाढवलंत तरी त्यात फारशी भर पडत नाही. ओतून केलेल्या साध्या गाठीत असंख्य ग्रेन, म्हणजे छोटे स्फटिक, वेगवेगळ्या दिशांना तोंड करून एकमेकांना खेटून बसलेले असतात. एकाने हलायचं ठरवलं तरी शेजारी त्याला हलू देत नाहीत. म्हणून ग्रेन एकमेकांपासून सुटे करायचे आणि मऊ पॉलिमरमध्ये अंतर ठेवून बसवायचे. एक कण म्हणजे एक ग्रेन असायला हवा. कणात तीन-चार ग्रेन अडकले असतील तर गाठीतली तीच अडचण तुम्ही लहान आकारात पॉलिमरमध्ये नेलीत.

प्रमाण ठरवताना मुंबईची हवा लक्षात घ्या

नेमक्या २:१:१ प्रमाणातला निकेल-मँगनीज-गॅलियम शून्याखाली ७१ अंशांच्या आसपास मार्टेन्साइट होतो. तो आपल्या कामाचा नाही. मँगनीज वाढवून गॅलियम कमी केलं की हे तापमान वर सरकतं. निकेल ५०, मँगनीज २८.५, गॅलियम २१.५ (सगळे अणुटक्के) हे सुरुवातीला चांगलं प्रमाण आहे. निकेलचे १०, मँगनीजचे ७ आणि गॅलियमचे ३ इलेक्ट्रॉन धरून दर अणूमागे सरासरी काढली तर ती ७.६४ येते. सरासरी वाढली की बदलाचं तापमान वाढतं, हा ढोबळ नियम.

लेखांमधली पुष्कळशी प्रमाणं २० अंशांच्या खोलीत काम करणाऱ्यांनी ठरवलेली असतात. मे महिन्यात एसी बंद असलेल्या आपल्या लॅबमध्ये पारा ३५च्या घरात असतो. तुमचा धातू गरम करताना ४० अंशांनाच ऑस्टेनाइट व्हायला लागत असेल, तर दुपारी टेबलावर ठेवलेला नमुना आणि सकाळचा नमुना यांची वागणूक वेगळी दिसेल, आणि कारण शोधण्यात आठवडा जाईल. उलटा बदल (मार्टेन्साइटचा पुन्हा ऑस्टेनाइट) होण्याचं तापमान निदान ५० अंशांच्या वर राहील असं प्रमाण निवडा. त्यासाठी मँगनीज थोडं आणखी वाढवून तेवढंच गॅलियम कमी करायचं. मात्र फार ताणू नका. पुढे गेलात तर ज्याचे पट्टे क्षेत्राने सहसा हलत नाहीत अशा दुसऱ्याच मार्टेन्साइटच्या हद्दीत जाल. क्युरी तापमान, म्हणजे ज्याच्या वर चुंबकत्व जातं ते, १०० अंशांच्या आसपास असतं, म्हणजे त्या बाजूलाही फार जागा नाही.

१० ग्रॅमचा हिशेब करून ठेवतो. निकेल ४.८९२, मँगनीज २.६१०, गॅलियम २.४९९ ग्रॅम. वितळवताना मँगनीज उडतं, म्हणून ते १ ते २ टक्के जास्त घ्या, म्हणजे २.६४ ते २.६६ ग्रॅम. तुमच्या भट्टीत नेमकं किती उडतं हे दोन-तीन गाठींनंतर तुम्हाला कळेल. दुसऱ्याच्या भट्टीचा आकडा वापरू नका.

धातू आणणं, साफ करणं, तोलणं

गुलालवाडी, किका स्ट्रीटला अलोह धातूंचा मोठा बाजार आहे. निकेल तिथे नजरेला पडेल, पण संशोधनासाठी शुद्धतेचं प्रमाणपत्र असलेला, निदान ९९.९ टक्के शुद्ध धातू नेहमीच्या केमिकल पुरवठादाराकडूनच मागवा. चाळण्या, चिमटे, पकडी, खलबत्ते यांच्यासाठी मात्र नागदेवी स्ट्रीटसारखी जागा नाही.

इलेक्ट्रोलिटिक मँगनीजचे पत्रे बहुधा काळपट-तपकिरी रंगाचे येतात. तो रंग ऑक्साइडचा. तसेच वितळवले तर गाठीवर मळी तरंगते आणि प्रमाण बिघडतं. फ्यूम हूडमध्ये पातळ नायट्रिक आम्लात काही सेकंद बुडवा, चकाकी दिसली की लगेच काढा, पाण्याने आणि मग अ‍ॅसिटोनने धुवा, वाळवा आणि त्याच दिवशी वापरा. जुलैत धुतलेलं मँगनीज उघड्यावर रात्रभर राहिलं तर सकाळी पुन्हा काळवंडलेलं सापडेल. पावसाळ्यात व्हॅक्यूम डेसिकेटर नसेल तर धुण्याचं काम वितळवण्याच्या सकाळीच काढा.

गॅलियमची गंमत वेगळी. त्याचा वितळबिंदू २९.७६ अंश आहे. एप्रिल-मेमध्ये मुंबईत ते कपाटातल्या कपाटात वितळतं. लॅबमधल्या मामांनी बाटली हलवून "मॅडम, यात पाणी गेलंय का?" असं विचारलं तर घाबरू नका. तोलायच्या आदल्या दिवशी बाटली फ्रीजमध्ये ठेवा, मग त्याचे तुकडे चिमट्याने उचलता येतात. घट्ट होताना गॅलियम फुगतं, त्यामुळे ते काचेच्या भरलेल्या बाटलीत ठेवू नका, प्लॅस्टिकचीच बाटली हवी. आणि अ‍ॅल्युमिनियमपासून त्याला चार हात लांब ठेवा. ते अ‍ॅल्युमिनियमच्या ग्रेनच्या सीमांमध्ये शिरतं आणि चांगला पत्रा बोटाने मोडेल इतका कमजोर करतं. तोलायला अ‍ॅल्युमिनियमची वाटी किंवा फॉइल घेऊ नका. वजनकाट्याची तबकडी कसली आहे तेही एकदा बघून ठेवा.

वितळवणं

आर्क भट्टीच्या तांब्याच्या, पाण्याने गार राहणाऱ्या खळग्यात मँगनीज आणि गॅलियम खाली ठेवा, निकेल त्यांच्यावर. आर्क थेट मँगनीजवर पडला तर ते तडतडून उडतं आणि भट्टीच्या काचेवर काळी पुटं चढतात. निकेल आधी वितळून खाली उतरू द्या, ते बाकीच्यांना पोटात घेतं. चेंबर निर्वात करून आर्गॉन भरायचा, पुन्हा निर्वात करायचा, असं तीनदा तरी करा. खऱ्या वितळणाआधी बाजूच्या खळग्यात टायटॅनियमचा तुकडा वितळवा. उरलासुरला ऑक्सिजन तो ओढून घेतो. टायटॅनियमची गाठ थंड झाल्यावर चंदेरी दिसली तर चेंबर स्वच्छ आहे. निळी-पिवळी दिसली तर कुठेतरी गळती आहे, आधी ती शोधा.

गाठ चार-पाच वेळा उलटून पुन्हा वितळवा. करंट लागेल तेवढाच ठेवा, कारण आर्क जितका वेळ आणि जितका जोरात, तितकं मँगनीज जास्त उडणार. प्रत्येक वेळी वजन लिहून ठेवायची सवय लावा. ठरल्या प्रमाणातल्या १० ग्रॅममध्ये ०.०५ ग्रॅम घट आली आणि ती सगळी मँगनीजची मानली, तर मँगनीज २८.५ वरून २८.१ अणुटक्क्यांवर येतं. एवढ्यानेही डीएससीचा (धातू तापवताना-थंड करताना किती उष्णता घेतो-सोडतो हे मोजणाऱ्या यंत्राचा) आलेख सरकलेला दिसू शकतो.

"चुंबकाला चिकटतंय, म्हणजे झालं" हा समज सोडून द्या. निकेलही चिकटतं. एक सोपी परीक्षा आहे. सिलिकॉन तेलाने भरलेल्या काचेच्या भांड्यात तुकडा टाकून तेल १३० अंशांवर न्या आणि चुंबक भांड्याच्या बाहेरून क्षणभर लावा. मिश्रधातू क्युरी तापमानाच्या वर गेलेला असल्याने त्याने चुंबकाला दाद द्यायला नको. दिली, तर आत न मिसळलेलं निकेल शिल्लक आहे, कारण निकेलचं चुंबकत्व ३५८ अंशांपर्यंत टिकतं. निओडिमियमचा साधा चुंबक ८० अंशांच्या वर कमजोर होतो, म्हणून तो तेलात बुडवायचा नाही.

भट्टीत घाई नको

आर्कमधून निघालेल्या गाठीत खालची बाजू झटपट गार झालेली असते, तिथे ग्रेन बारीक आणि उभे असतात. प्रमाणही जागोजागी थोडं वेगळं असतं. गाठ टँटलमच्या पातळ पत्र्यात गुंडाळून क्वार्ट्झच्या नळीत ठेवा, नळी निर्वात करून थोडा आर्गॉन भरा आणि ग्लासब्लोअरकडून तोंड बंद करून घ्या. शहरात चांगले ग्लासब्लोअर आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. ज्यांच्याशी ओळख आहे त्यांना आधीच सांगून ठेवा आणि नळीची भिंत जाड ठेवायला सांगा. आर्गॉन खोलीच्या तापमानाला अर्ध्या वातावरणापेक्षा बराच कमी भरा. १००० अंशांना त्याचा दाब चौपटीहून जास्त होतो, आणि नळी भट्टीतच फुटली तर गाठ गेली, भट्टीची नळीही गेली.

१००० अंशांवर दोन दिवस ठेवा. धातूचा वितळबिंदू ११०० अंशांच्या थोडा वर आहे, म्हणून भट्टीच्या थर्मोकपलवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. भट्टीच्या मध्यावरचं खरं तापमान वेगळ्या थर्मोकपलने मोजून घ्या. या दोन दिवसांत दोन गोष्टी होतात: प्रमाण सारखं होतं आणि ग्रेन वाढतात. आपल्याला दुसरी गोष्ट तितकीच हवी आहे, कारण ग्रेनचा आकार म्हणजेच पुढे कणाचा आकार. ग्रेन १०० मायक्रॉनच्या आसपास किंवा त्याहून मोठे असतील तर चाळणीत जमा होणारा माल उपयोगी निघतो. मग ८०० अंशांच्या खाली, ७०० ते ७५० अंशांवर एक दिवस ठेवून हळू थंड करा. अणू या टप्प्यात आपापल्या जागी नीट बसतात. १९०३ साली फ्रिट्झ ह्यूस्लर यांनी ज्या प्रकारचे चुंबकीय मिश्रधातू दाखवले, तीच ही ह्यूस्लर रचना. ती नीट बसली नाही तर चुंबकत्व उणं पडतं.

फोडणं: इथे मुक्काम करा

बरेच नवखे इथेच चुकतात. गाठ बॉल मिलमध्ये टाकतात, बारा तास फिरवतात, छान काळी भुकटी निघते आणि पुढे ती कशालाच दाद देत नाही. मिलमध्ये गोळ्या कणांना सतत ठेचत आणि घासत राहतात. ग्रेन सुटे होतातच, शिवाय मधूनही फुटतात, पृष्ठभाग दबतो, अणूंची मांडणी विस्कटते. मार्टेन्साइटचे पट्टे हलायला जी स्वच्छ जागा लागते ती उरत नाही.

डाळिंब दोन फोडी करून उलटं धरायचं आणि पाठीवर पळीने ठोकायचं, दाणे अख्खे खाली पडतात. त्याच डाळिंबाचे सुरीने बारीक काप केलेत तर रस निघतो, दाणे नाही. इथे ठोकायचं आहे. निकेल-मँगनीज-गॅलियमची गाठ ग्रेनच्या सीमेवरच आधी तुटते, आणि त्या सीमा तेवढ्या कमजोर ठेवून हलक्या हाताने मारलं की ग्रेन अख्खे सुटतात.

सीमा आणखी कमजोर करायच्या असतील तर पहिला उपाय फुकटचा आहे. गाठ १०० अंशांवर न्या, मग बर्फाच्या पाण्यात टाका, आणि हे पुन्हा पुन्हा करा. प्रत्येक फेरीत ऑस्टेनाइटचा मार्टेन्साइट होतो, प्रत्येक ग्रेन वेगळ्या दिशेने आकार बदलतो आणि सीमांवर ताण पडून बारीक तडे जातात. काही फेऱ्यांनंतर गाठ कानाजवळ धरून नखाने वाजवून बघा. धातूचा खणखणीत आवाज जाऊन बोदा आवाज येऊ लागतो.

दुसरा उपाय बिस्मथ. निकेलमध्ये बिस्मथ आत विरघळत नाही म्हटलं तरी चालेल, ते ग्रेनच्या सीमांवर जाऊन बसतं आणि धातू ठिसूळ होतो. २७१ अंशांनाच वितळत असल्याने १००० अंशांवर ते द्रवरूपात सीमांमध्ये पसरतं. अर्ध्या अणुटक्क्याच्या आत राहा. गंधकही निकेलला ठिसूळ करतं, पण तो रस्ता मी सुचवणार नाही. कारण कंपोझिटच्या भागात येईल. माझं मत विचाराल तर पहिली गाठ काहीही न घालता करा. साधी, नीट तापवलेली गाठ बऱ्याचदा पुरेशी ठिसूळ असते, आणि तिसऱ्या-चौथ्या घटकाने कुठे काय केलं हे कळायला आधी तुलनेसाठी साधा नमुना लागतोच.

फोडायला पोलादी खलबत्ता घेऊ नका. त्याचं लोखंड भुकटीत मिसळतं आणि चुंबकाने ते वेगळं करता येत नाही, कारण भुकटीही चुंबकीय. अगेटचा किंवा टंगस्टन कार्बाइडचा खल घ्या. गाठ आधी जाड पॉलिथीनच्या दोन पिशव्यांत घालून मोठे तुकडे करून घ्या, म्हणजे तुकडे आणि धूळ दोन्ही उडत नाहीत. मग खलात थोडे थोडे तुकडे घेऊन बत्ता वरून सरळ खाली आणा. घासायचं नाही, वाटायचं नाही. चटणी वाटायची सवय असलेला हात आपोआप गोल फिरतो, त्याला आवरा. खलात अ‍ॅसिटोनचा थर ठेवलात तर धूळ बसते. जवळपास ज्योत नको, फ्यूम हूड चालू हवा. तोंडावर एन-९५ मास्क आणि हातात नायट्राइलचे मोजे, हे वेगळं सांगायला नको.

पाच-सहा ठोके झाले की चाळा. १०० मेश म्हणजे १५० मायक्रॉन, २०० मेश म्हणजे ७५, ३२५ मेश म्हणजे ४५. वरच्या चाळणीवर उरलेलं तेवढंच पुन्हा खलात, खाली गेलेल्याला पुन्हा बत्ता लावायचा नाही. हा नियम पाळायला कंटाळा येतो, कारण चाळण्या धुण्यात वेळ जातो, पण एकदा सुटा झालेला ग्रेन परत ठोकला की तो मधून फुटतो. सुरुवातीला ७५ ते १५० मायक्रॉनचा माल ठेवा. ४५ मायक्रॉनच्या खालचा वेगळ्या बाटलीत भरून ठेवा, पण मुख्य नमुन्यात मिसळू नका. त्यात फुटलेले ग्रेन जास्त आणि ऑक्साइडही जास्त.

प्रत्येक चाळणीतला चिमूटभर माल सूक्ष्मदर्शकाखाली बघा. सीमेवर सुटलेल्या कणाला सपाट, चकचकीत, कोनदार पैलू असतात आणि प्रकाश फिरवला की एकेक पैलू अख्खा उजळतो. मधून तुटलेल्या कणावर पायऱ्या, नदीच्या फाट्यांसारख्या रेषा आणि खडबडीत कडा दिसतात. १०० कण मोजा. पैलूवाले ७०-८० असतील तर पुढे चला. ४० असतील तर दोष खलात नसतो, भट्टीत असतो: ग्रेन लहान राहिलेत किंवा सीमा अजून मजबूत आहेत. गाठीचा उरलेला अर्धा भाग परत १००० अंशांवर टाका.

भुकटी पुन्हा भट्टीत

कितीही हलक्या हाताने ठोकलं तरी कणांवर ताण राहतो. क्वार्ट्झच्या छोट्या नळीत, टँटलमच्या पत्र्यात गुंडाळून, आर्गॉनमध्ये ६०० अंशांवर काही तास ठेवलं की तो बराच उतरतो. भुकटीचा पृष्ठभाग मोठा, त्यामुळे मँगनीज गाठीपेक्षा लवकर उडतं. नळी जेवढी छोटी आणि भरलेली तेवढं नुकसान कमी. नळीत भुकटीजवळ, पण तिला न चिकटता, टायटॅनियम स्पंजचा तुकडा ठेवा. बिस्मथ घातलं असेल तर कण एकमेकांना चिकटून येऊ शकतात. ते बोटाने सुटले तर ठीक, नाही सुटले तर तापमान कमी करा. यानंतर डीएससी करा, गाठीची आणि भुकटीची वेगवेगळी. भुकटीचं शिखर गाठीच्या शिखराइतकंच उभं आणि अरुंद असेल तर ताण उतरलाय. पसरट असेल तर पुन्हा तापवा.

कंपोझिट

एपॉक्सी स्वस्त आणि सोपं, पण काही गिगापास्कल कडक. ३ मेगापास्कलच्या आत जोर असलेला कण त्यात हलणार कसा? कंपन शोषून घेणारं काहीतरी करायचं असेल तर कडक पॉलिमरही चालतं, २००३ साली एमआयटीतून याच उपयोगावर काम प्रसिद्ध झालंय. हालचाल बघायची असेल तर सिलिकॉन रबर किंवा मऊ पॉलियुरेथेन घ्या, १ मेगापास्कलच्या आसपासचं.

प्लॅटिनम उत्प्रेरकाने घट्ट होणाऱ्या सिलिकॉनला गंधक चालत नाही. गंधक लागलं की ते चिकट राहतं, कडेला कधीच सुकत नाही. म्हणून धातूत गंधक नको, आणि लॅटेक्सचे मोजेही नकोत, कारण त्यातही गंधक असतं. साच्याला लावायची मऊ माती गंधकाची निघाली आणि नमुना बिघडला, असं होऊ शकतं.

प्रमाण आकारमानाने ठरवा, वजनाने नाही. धातूची घनता ८.१ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटरच्या आसपास, सिलिकॉनची १च्या जरा वर. १ घन सेंटिमीटरमध्ये २० टक्के धातू हवा असेल तर धातू १.६२ ग्रॅम आणि सिलिकॉन ०.८२ ग्रॅम लागतं. म्हणजे आकारमानाने पाचवा हिस्सा, वजनाने दोन तृतीयांश. पहिल्यांदा हे बघून आपण जास्त टाकलं की काय असं वाटतं. २०-३० टक्क्यांच्या पुढे गेलात तर कण एकमेकांना टेकतात आणि हवा बाहेर काढणं कठीण होतं. मिसळून झालं की व्हॅक्यूम डेसिकेटरमध्ये ठेवा. मिश्रण फुगून वर येतं आणि बसतं, म्हणून भांडं मिश्रणाच्या चौपट मोठं घ्या.

साच्यात ओतल्यावर साचा दोन निओडिमियम चुंबकांच्या मध्ये ठेवा. फटीतलं क्षेत्र गॉसमीटरने मोजा, निदान ०.५ टेस्ला तरी हवं. चुंबक एकमेकांवर आपटू देऊ नका. मधे बोट आलं तर हाड मोडू शकतं, लाकडी किंवा अ‍ॅल्युमिनियमची चौकट करून घ्या. क्षेत्रात कण दोन गोष्टी करतात: साखळ्या बांधतात आणि आपली आखूड दिशा क्षेत्राकडे वळवतात. दुसरी गोष्ट फक्त मार्टेन्साइटमध्ये होते. वेळ वाचवायला ८० अंशांच्या ओव्हनमध्ये सिलिकॉन सुकवलंत तर कण त्या वेळी ऑस्टेनाइट झालेले असतात. साखळ्या मिळतील, दिशा मिळणार नाही. खोलीच्या तापमानाला एक दिवस लागला तरी लागू द्या. सिलिकॉन घट्ट व्हायला लागेपर्यंत जड कण तळाशी बसतात, तोवर साचा चौकटीसकट दर काही मिनिटांनी उलटत राहा.

खरंच हलतंय का?

व्हीएसएमवर (चुंबकत्व मोजणाऱ्या यंत्रावर) नमुना दोन दिशांना मोजा: साखळ्यांच्या दिशेने आणि त्याच्याशी काटकोनात. काटकोनात पहिल्यांदा क्षेत्र वाढवताना वक्र एका ठिकाणी एकदम उडी घेतो आणि दुसऱ्या फेरीत त्या दिशेला उडी नसते. हे पट्टे सरकल्याचं चांगलं लक्षण. क्ष-किरणांत क्षेत्र लावण्यापूर्वी आणि नंतर शेजारच्या दोन शिखरांची उंची बदलली तर आणखी चांगलं. तांब्याच्या क्ष-किरणांनी मँगनीज स्वतःच चमकतं आणि पार्श्वभूमी वर जाते, ते बघून नमुना खराब आहे असं समजू नका.

लांबीतला बदल मोजताना मात्र फसू नका. मऊ रबरात कोणतेही चुंबकीय कण घातले तरी क्षेत्र लावल्यावर ते एकमेकांना ओढतात आणि नमुन्याची लांबी बदलते. त्याचा आकारस्मृतीशी काही संबंध नाही. म्हणून त्याच आकाराच्या निकेलच्या भुकटीचा, तेवढ्याच टक्क्यांचा, त्याच साच्यातला दुसरा नमुना पहिल्या दिवसापासून बरोबर करा. दोघांची लांबी सारखीच बदलत असेल तर अजून तुमच्या कंपोझिटमध्ये पट्टे हलत नाहीयेत.

यंत्रं आपल्याकडे नसतील तर पवईला आयआयटी मुंबईत सैफ ही विश्लेषणाच्या यंत्रांची सामायिक सोय आहे, तिथे बाहेरच्या संस्थांचेही नमुने घेतात. अर्ज भरताना नमुना चुंबकीय आहे हे ठळक लिहा. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकासाठी सुटी भुकटी नेलीत तर ती आतल्या चुंबकीय भिंगाकडे ओढली जाईल, या भीतीने ऑपरेटर नमुना परत करतो आणि पुढची तारीख पंधरा दिवसांनी मिळते. भुकटी एपॉक्सीत बसवून, घासून, पॉलिश करून न्या. डीएससीच्या फॉर्मवर कमाल तापमान १५० अंश लिहा आणि गरम व थंड दोन्ही फेऱ्या मागा. फक्त गरम फेरी मागितली तर मार्टेन्साइट सुरू होण्याचं तापमान मिळत नाही, आणि तेवढ्यासाठी परत रांगेत लागावं लागतं.